माझ्यावर लेझर नको

मी एक काळी प्लॅस्टिकची शीट बोलतेय. पीव्हीसीची. अंगाने तुळतुळीत, स्वभावाने उतावळी. कारखान्यातून निघाले तेव्हा पाठीवर नावाचा कागद होता.

शाळेच्या कार्यशाळेत मला कपाटात उभं केलं. शेजारी अॅक्रिलिकच्या शीट. त्यांतली एकेक लेझर मशीनवर जायची आणि चाकं, दातेरी चक्रं होऊन शाळेतल्या मुलींच्या रोबोटला लागायची. मी आपली कुढत बसायची. माझा नंबर कधी?

रोबोटची स्पर्धा जवळ आली तशी बाईंनी कपाट आवरायला काढलं. आमच्या पाठीवरचे ते नावांचे धुळकट कागद त्यांना बघवेनात. सगळ्यांचे सोलून टाकले. आता आम्ही साऱ्या सारख्याच काळ्या.

दुसऱ्या दिवशी टीमच्या कॅप्टनने मलाच उचललं. केवढी हरखले मी! मशीनच्या जाळीवर आडवी झाले, आणि मग आठवलं. लेझरने जळले की माझ्यातून विषारी वायू निघतो. मशीन गंजलं असतं, ते एक वेळ जाऊ दे. पण समोर चार मुली वाकून उभ्या होत्या. ओरडू कशी?

"झाकण लाव, चल पटकन," कॅप्टन म्हणाली.

"थांब गं. ही अॅक्रिलिकच आहे ना?" चष्मेवालीने विचारलं.

"दिसतेय की! तुझं नेहमीचंच, सगळ्यात खोट काढायची."

"मग कागद कुठंय तिचा? तो दाखव आणि दाब बटण."

कॅप्टन चिडली, पण तिने हात आखडला. शेजारच्या वर्गातून बाईंना बोलावलं. त्यांनी उघड्या खिडकीपाशी तांब्याची तार बर्नरवर लाल केली, माझ्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा आचेत धरली. ज्योत हिरवीगार झाली.

"क्लोरीन आहे हिच्यात. पीव्हीसी," बाई म्हणाल्या.

"बाई, मी बटण दाबणारच होते." कॅप्टन रडवेली झाली होती.

"कागद मी काढले होते गं," असं म्हणून बाई स्टुलावर बसल्याच.

रोबोटचा सांगाडा शेवटी प्लायवूडचा झाला. मी कपाटामागे उभी आहे. जीव नुसता चुळबुळतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या चौघी खोकत घरी गेल्या असत्या, तर चाक होऊनही मला आनंदाने फिरता आलं नसतं.

मला करवतीने कापा, ड्रिलने भोकं पाडा, मी कुरकुरणार नाही. फक्त आधी विचारा, मी कोण आहे ते.