दीपाची बाटी

दीपा झाली तेव्हापासून मी गरम जेवले नव्हते. ती झोपेपर्यंत ताटातलं सगळं गार. म्हणून वणीत आमच्या गल्लीच्या टोकाला 'बार अँड फॅमिली रेस्टॉरंट' उघडलं, तसा मी नवऱ्यापाशी हट्टच धरला. एकदाच, वाफ निघतेय तोवर मटण खायचं.

"बारमधी? आन् बा ले समजलं तं?" सुनील म्हणाला.

पण सासरे, म्हणजे त्याचे बा, भजनाला गेले होते. सासूबाईंना सांगितलं, दीपाला फिरवून आणतो. मी ठेवणीतला ड्रेस घातला, ओढणी मुद्दाम घरी ठेवली. आरशात अगदी मोठ्या शहरातली दिसत होते. खांद्यावरचा दुधाचा डाग नंतर दिसला.

फॅमिली सेक्शन म्हणजे बारच्याच हॉलमध्ये उभं केलेलं लाकडी पार्टिशन. भाकरीसोबत मटण आलं. वाफाळतं! मी घास उचलला आणि दीपा किंचाळली, "बाटी! बाटी!"

आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बाटी म्हणजे भाकर. पण हे पलीकडच्या पिणाऱ्यांना कोण सांगणार?

"अरे, पोट्टीले बाटली पाह्यजे!" पार्टिशनपलीकडे हशा. "देऊन टाका ना वैनी, लहानवाली!"

मी रश्श्यापेक्षा लाल. तेवढ्यात पलीकडूनच कुणीतरी कडाडलं, "बाटली नाही बे, बाटी! भाकर मागून राह्यलं लेकरू. कायले हसता?"

आवाज सासऱ्यांचा होता. आपण कुणाच्या नातीसाठी भांडलो, हे बहुतेक त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं, कारण पार्टिशनवरून हळूच त्यांचं पागोटं वर आलं, मग डोळे. मी पदरासाठी डोक्याकडे हात नेला. पदर कुठला! हाताला लागलं ते मेनूकार्डच डोक्यावर धरलं.

"भजन सुटलं का, बा?" सुनीलने विचारलं.

"चालूच हाय," बा म्हणाले.

मग ते आत आले, दीपाला उचललं आणि आमच्याकडे पाठ करून खुर्ची मांडली. आमच्यात सून सासऱ्यासमोर जेवत नाही. नातीला भाकरीचा तुकडा भरवत ते भिंतीशी बोलावं तसं बोलले, "जेव बेटा. मले मांगचं काही दिसत नाही. आन् तुले बी आज काही दिसलं नाही."

मी मेनूकार्ड खाली ठेवलं. मटण अजून गरम होतं. मी घास उचलला आणि दीपाला भरवायच्या सवयीने फुंकर मारत बसले, तो चांगला गार होईपर्यंत.