माझी मान, काकांचा मान

मी टेबलफॅन बोलतोय. ही घरघर ऐकून मला दमा झालाय असं समजू नका. आवाजच तसा आहे. बावीस उन्हाळे सलग फिरून दाखवा, तुमचाही बसेल.

कारखान्यातून निघताना मला तीन पाती, एक जाळी आणि एक मान मिळाली. छताला टांगलेले आमचे भाऊबंद उंचावर बसून सगळ्यांना सारखंच देतात. आमचं घराणं मान फिरवणाऱ्यांचं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ज्याची पाळी, त्याला झुळूक. मागची खुंटी दाबली की मान फिरते, वर ओढली की थांबते.

मोठ्या काकांनी मला आणलं ते त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानासाठी. वर पत्र्याखाली घर, खाली रस्त्यालगतच्या लांबट खोलीत दुकान. एका टोकाला काकांची खुर्ची, दुसऱ्या टोकाला खळ शिजवायची शेगडी. त्या शेगडीशेजारी बसून काकांची भावजय जुजबंदी करायची, म्हणजे सुईदोऱ्यानं पानं शिवायची. तिची मुलगी कॉलेजात. तिला सगळे ठिणगी म्हणत. विजेवर चालणाऱ्यानं ठिणगीपासून लांब राहावं, पण मला ही पोरगी फार आवडायची.

यंदाच्या उन्हाळ्यानं कहर केला. पुठ्ठे बसल्या जागी वाकायचे. खळ भांड्यातून पुठ्ठ्यावर पोचेपर्यंत ब्रशवरच वाळायची. नळाला दोन-दोन दिवस थेंब नाही. माझ्यातून जे बाहेर पडायचं त्याला वारा म्हणणं हा निव्वळ चांगुलपणा होता. तरी घामेजल्या पाठीला तेही अमृत!

आणि हे सगळं अमृत जायचं काकांच्या खुर्चीकडे.

“काका, आईकडे फिरू द्या ना जरा. सकाळपासून दोनदा गरगरलंय तिला.”

“तिकडे पानं आहेत. उडतील.”

“आणि तुमचा पेपर? तो काय खिळ्यांनी ठोकलाय?”

“आमच्या वेळी पंखे तरी होते का गं?”

“तुमच्या वेळी पंचेचाळीस अंश तरी होते का?”

“वडीलधाऱ्यांचा काही मान असतो, ठिणगे!”

“तुमचा मान ठेवा तुमच्याकडे. ही मान पंख्याची आहे, ती फिरायलाच दिलीय!”

“असू दे गं,” शेगडीपलीकडून आई म्हणाली. “मला नाही एवढं उकडत.” असं म्हणून तिनं बाहीनं कपाळ पुसलं. बाही कपाळापेक्षा ओली होती.

मग सुरू झालं खुंटीयुद्ध. ठिणगी दाबायची, काका ओढायचे. ती पाणी प्यायला उठली की दाबायची, ते शिंकायला उठले की ओढायचे. शेवटी काकांनी काय करावं? जुजबंदीचा मेणाचा दोरा घेतला आणि माझी मान खुर्चीच्या दिशेनं करकचून बांधली. जी गाठ पुस्तकाची पानं जन्मभर सुटू देत नाही, ती माझ्या गळ्यात!

ठिणगी इतकी भडकली, की गाठ असतानाच तिनं रागानं खुंटी दाबून ठेवली. मान फिरू बघतेय, दोरा सोडत नाही. आतलं दातेरी चाक कटकट ओरडलं आणि एकदम गप्प झालं. काका म्हणाले, “तेल मागतोय.” खरं सांगतो, माझी मान त्या दोघांनी मिळून मोडली. एकानं हट्टानं, दुसरीनं संतापानं.

त्याच दुपारी रस्त्याखालची मोठी जलवाहिनी फुटली. आधी धडाम आवाज, मग कारंजं. दोन दिवसांची तहानलेली माणसं बादल्या घेऊन नाचत धावली. नाच संपायच्या आत पाणी आमच्या उंबऱ्यावर चढलं. ठिणगीनं झेप घेऊन दुकानाचा मेन स्विच पाडला. खालच्या फळीवर तिच्या वर्गाचे चाळीस प्रकल्प होते, दुसऱ्या दिवशी अकराला जमा करायचे. वर्ष पाण्यात जाणं म्हणतात, पण ते इतकं शब्दशः जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

गठ्ठे वर नेता नेता आई जिन्यावरच बसली. चेहरा कोऱ्या कागदासारखा. ठिणगीनं तिला धरून वर नेलं, तोंडावर पाणी मारलं, घोट घोट पाणी पाजलं.

“पत्र्यावर टाका सगळं! उन्हात तासाभरात वाळेल,” काकांनी हुकूम सोडला.

“नको भाऊजी,” आई भिंतीला टेकून म्हणाली. “उन्हात पानं मुरडतील. सावलीत, सुटी करून, पंख्याच्या वाऱ्यावर.”

वरच्या खोलीत वीज होती. जमिनीवर पानंच पानं पसरली, मधोमध आई, आणि मी स्टुलावर. काकांनी सुरीनं माझी गाठ कापली, खुंटी दाबली. पाती फिरली. मान मात्र हलली नाही.

“ही कुणी मोडली?” काकांनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि एकानं कापलेल्या दोऱ्याकडे, दुसरीनं खुंटीकडे.

मग काका माझ्या मागे आले आणि मला धरून हातानं वळवू लागले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बावीस वर्षांत ते कधी माझ्या मागे उभे राहिले नव्हते. पंख्याच्या मागे वारा नसतो, फक्त मोटारीची धग असते. वर पत्रा. अर्ध्या तासात त्यांचा शर्ट पाठीला चिकटला, तरी खुर्ची त्यांनी मागितली नाही.

एका फेरीला मी आईसमोर आलो आणि तिथेच थांबलो. हात काकांचाच होता.

“काका, उजवीकडची पानं अजून ओली आहेत,” ठिणगी म्हणाली.

“राहू दे. तिचा चेहरा बघितलास का? कागद थांबतील.” मग जरा घुटमळून, “मला आधीच कळायला हवं होतं.”

आईनं डोळे मिटले होते. कपाळावरचे केस उडत होते, गालांवर रंग परतत होता. ती हळूच हसली.

“बघ गं ठिणगे, भाऊजींनी मला अखेर वाऱ्यावर सोडलं!”

ठिणगी हसून हसून पानांवर लोळणार होती. काकांना विनोद जरा उशिरा कळला, पण मग तेही माझ्यापेक्षा मोठ्यानं घरघरले.

प्रकल्प वेळेवर जमा झाले, कडा थोड्या लाटदार, एवढंच. माझं चाक आता बाजारात मिळत नाही म्हणे. म्हणून दुकानात माझं तोंड शेगडीकडे असतं, आणि कुणाला वारा हवा असेल तर उठून मला वळवावं लागतं. काका उठतात, कुरकुरत का होईना.

एवढीच विनंती करतो. अंगावर झुळूक येत असेल, तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते मान वळवून बघत जा. माझी मोडलीय. तुमची अजून वळते.