जयश्री बागुलचा राजीनामा

सोमवारी सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना जयश्रीने मिलच्या दारातल्या हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. तिने अंगठा ओढणीला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. मागे बायकांची रांग खोळंबली. तिसऱ्यांदा ती हात पुढे करते तोच वॉचमन बाबुराव मध्ये आला. तिच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "ताई, बाजूला व्हा. तुमचं नाव काढलंय."

"कोणी काढलं?"

"मला विचारू नका. वर भावेशभाईंना विचारा. रांग अडवू नका."

तिच्या मागे स्नेहा होती. दोघी बमरोलीत एकाच गल्लीत राहायच्या, चार वर्षं रोज बरोबर चालत यायच्या. आताही बरोबरच आल्या होत्या. स्नेहाने अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला आणि ती मागे न वळता आत गेली.

जयश्री महाजन या मिलमध्ये सहा वर्षं होती. साड्यांचं कापड छापणारी मिल. छापून, धुऊन, वाळून आलेला कापडाचा ताका काचेच्या टेबलावरून ओढायचा, खालच्या ट्यूबलाइटच्या उजेडात डाग, भोक, सरकलेली छपाई हेरायची आणि खडूने खूण करायची, हे तिचं काम. अशा वीस जणी होत्या. तिच्या हाताखालून गेलेला माल व्यापाऱ्याने परत पाठवलाय असं फारसं कधी झालं नव्हतं. तिला पाचवा महिना लागला होता. मागच्या बुधवारी तिने सुपरवायझरला एवढंच विचारलं होतं, दहा तास उभं राहवत नाही, बसायला एक स्टूल मिळेल का.

मॅनेजर भावेशभाईंनी तिला बसायला सांगितलं नाही. ते मोबाइलमध्ये बघत हिंदीत बोलले.

"बेन, आपने खुद रिझाइन दिया है. अब क्या है?"

"मी? कधी दिला?"

त्यांनी फायलीतून एक कागद अर्धा वर ओढला, तिला लांबूनच दाखवला आणि परत आत सारला. "ये देखो. आपकी सही. घरकी जिम्मेदारी के कारण."

"बघू द्या तो कागद."

"कंपनीचा कागद आहे." एवढं वाक्य ते मराठीत बोलले, मराठी बायकांना हाकलताना बोलायचे तसं. मग पुन्हा हिंदीत सुरू झाले, "पेट से हो. कल को गिर गई, कुछ हो गया, तो पुलिस मेरे पास आएगी. हमको ये लफडा नहीं चाहिए. आराम करो. बच्चा बडा करो."

"मी राजीनामा दिलेला नाही, भावेशभाई."

"स्नेहाबेन ने लिख के दिया है. उसके सामने आपने बोला था, मैं छोड रही हूं."

जयश्रीने विचारलं, "स्नेहाने?"

"नीचे जाओ अब. नहीं तो सिक्युरिटी को बुलाना पडेगा."

तिला जिन्यावरून खाली सोडायला बाबुरावच आला. फाटकाबाहेर पडेपर्यंत तो तिच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालला.

घरी नवरा लखन टेम्पोवर गेला होता. सासू शोभाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "ते आते घर बस ना माय. कितला भांडशी लोकेसंगे?"

संध्याकाळी लखनही तेच म्हणाला. "तीन महिन्यांनी तू बसणारच होतीस. तीन महिने आधी बसलीस."

"बसणं वेगळं आणि हाकलणं वेगळं."

"मिलवाल्यांशी वाकडं घेतलं तर माझ्या भाड्यांवर येईल. अर्ध्या मिलांचा माल मी ओढतो."

"मग तू ओढ. मी माझं बघते."

दुसऱ्या दिवशी ती उधन्याला, माहेरी गेली. तिचे वडील धुडकू बागुल तीस वर्षं लूमवर होते. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत. त्यांनी लेकीचं म्हणणं दोनदा ऐकलं आणि ओरडले, "लेबर ऑफिसात जा! मला काढलं तेव्हा मी गेलो नव्हतो, म्हणून सांगतो!"

त्यांनीच तिला महेशकडे नेलं. महेश पूर्वी लूमवर होता, आता कामगारांचे अर्ज लिहून द्यायचा, त्यांच्याबरोबर ऑफिसात उभा राहायचा. त्याने पोटाकडे एकदा बघितलं आणि पेन उघडलं.

"गरोदर आहे म्हणून बाईला काढता येत नाही. कायदा आहे. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर राजीनामा दाखवतायत. राजीनामा खोटा ठरला पाहिजे. तुमच्या आधी अशी कोणी गेलीय का?"

जयश्रीला उत्तर माहीत होतं. "योगिता. दीड वर्ष झालं. ती पण पाचव्यातच होती."

"तिला भेटा."

योगिता उधन्यात रेल्वेच्या पलीकडे राहायची. घरी बसून साड्यांना लेस लावायची. तिने दार उघडलं. कडेवर वर्षाचं पोर होतं.

"काढलं का तुला पण?"

"कोणी सांगितलं?"

"पोट दिसतंय. सांगायला कशाला हवं?"

ती दारातून बाजूला झाली नाही. जयश्रीने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. योगिताने पाणी विचारलं नाही.

"आणि मी येऊन साक्ष द्यायची?"

"तू आलीस तर त्यांना कळेल की हे एकदाच झालेलं नाही."

"माझ्या वेळी कोण आलं? मी फाटकात उभी होते, बाबुरावशी भांडत होते. डबा आत राहिलाय म्हणून परत गेले, तर माझ्या टेबलावर तुझी पिशवी. मी अजून मिलच्या आत होते, जयश्री. खिडकीजवळचं टेबल, पंख्याखालचं. एक तासही थांबली नाहीस तू."

हे खरं होतं. सुपरवायझरने विचारलं होतं, योगिताचं टेबल कोण घेतं, आणि ती पुढे झाली होती. योगिता का गेली हे तिने विचारलं नव्हतं. अंदाज आला होता, तरी विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो. चुकलंच." पोर रडायला लागलं तसं योगिताने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी येणार नाही. माझा नवरा त्याच मालकाच्या भावाकडे कामाला आहे. पण एक सांगते, ते ऐक आणि जा. कामावर लागताना तीन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या ना? पीएफला लागतात म्हणून? माझा राजीनामा त्यातल्याच एकावर छापलेला होता. तारीख तेवढी पेनाने घातलेली."

तिने दार लावून घेतलं.

नानपुऱ्यातल्या लेबर ऑफिसात पहिल्या तारखेला मिलकडून कोणी आलंच नाही. दुसऱ्या तारखेला भावेशभाई वकील घेऊन आले. त्यांनी स्नेहाचा लेखी जबाब दिला आणि राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला. अधिकारी चष्मा पुसत होते. जयश्री मध्येच बोलायला गेली तशी त्यांनी तिला झापलं, "विचारीन तेव्हा बोला. इथे बाजार नाही."

मग त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "सही तुमची?"

जयश्रीने कागद हातात घेतला. खाली इंग्रजीत सही होती, मुलीच्या गोलगोल अक्षरात. जे. डी. बागुल.

"माझीच आहे," ती म्हणाली.

भावेशभाईंनी वकिलाकडे बघितलं. महेश खुर्चीत ताठ झाला.

"पण साहेब, ही बागुल आता नाही. चार वर्षांपूर्वी माझं लग्न झालं. तेव्हापासून मी महाजन लिहिते. यावर तारीख यंदाची आहे. माहेरच्या नावाने मी यंदा सही कशाला करीन?"

वकील म्हणाला, "साहेब, बायका जुनी सही चालू ठेवतात. त्याने काही सिद्ध होत नाही."

"त्यांची कामावरची फाइल कुठेय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

फाइल भावेशभाईंच्या हातातच होती. ती देण्यावाचून इलाज नव्हता. अधिकारी एकेक पान उलटत गेले. मध्यावर एका पानाशी थांबले. लग्नानंतर नव्या ओळखपत्रासाठी जयश्रीने दिलेला अर्ज होता तो, लग्नाचा दाखला जोडून. त्यावर मिलचाच शिक्का होता. खाली मराठीत लांबलचक सही, जयश्री लखन महाजन. त्यापुढच्या प्रत्येक कागदावर तीच सही होती.

अधिकाऱ्यांनी अर्ज आणि राजीनामा शेजारी शेजारी ठेवले.

"भावेशभाई, हा कागद कोरा असताना सही घेतली होती का?"

"साहेब, ऐसा कुछ नहीं है."

"मग कसं आहे ते सांगा."

वकिलाने भावेशभाईंच्या कानात काहीतरी म्हटलं. मग त्यानेच विचारलं, काही रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येईल का.

"मला काम पाहिजे," जयश्री म्हणाली.

"बेन, समझो..."

"काम पाहिजे. आणि बाळंतपणाची रजा. दोन्ही लेखी."

अधिकारी वैतागून म्हणाले, "ऐकलं ना? लिहून देत असाल तर द्या. नाहीतर मी समेट झाला नाही अशी नोंद करतो. मग हे दोन कागद कोर्टाला दाखवा."

तासाभराने भावेशभाईंनी लिहून दिलं. बाहेर जिन्यात ते तिच्या जवळून गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "आ जाओ. देखते हैं कितने दिन टिकती हो."

ती कामावर गेली. खिडकीजवळच्या टेबलावर आता स्नेहा होती. जयश्रीला शेवटचं टेबल दिलं, कापड वाळवायच्या मशीनशेजारी. तिथे गरम हवेचा झोत अंगावर यायचा, दुपारपर्यंत पाठ भिजून जायची. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. बोललेलं सुपरवायझरला आवडत नाही हे सगळ्यांना कळलं होतं. तिने घरून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. सुपरवायझरने ते उचलून बाहेर फेकलं. दुसऱ्या दिवशी तिने तेच स्टूल पुन्हा आणलं. त्याने पुन्हा फेकलं, तेव्हा तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी त्याने स्टूलकडे बघितलं आणि तो पुढे गेला.

जेवायच्या सुट्टीत नळावर स्नेहा एकटी सापडली.

"माझ्या नावाने खोटं लिहून दिलंस?"

"मला त्यांनी तो कागद वाचून तरी दाखवला का?" स्नेहा फणकारली. "माझ्या घरी कमावणारी मी एकटी. ते म्हणाले, सही कर नाहीतर तू पण जा. तू काय केलं असतंस?"

"माहीत नाही."

"मग मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. उद्यापासून माझ्यासाठी गल्लीच्या तोंडाशी थांबू नकोस, एवढंच सांगते."

"मी कुठे थांबतेय," असं म्हणून स्नेहाने नळ बंद केला. तिचे डोळे लाल झाले होते. जयश्रीला तिची दया आली नाही.

सातवा महिना संपता संपता तिने रजेचा अर्ज दिला. भावेशभाईंनी तो घेतला नाही, तसा तिने रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच आली त्या दिवशी ती पुन्हा योगिताकडे गेली.

"मला परत घेतलं," तिने दारातच सांगितलं.

"ऐकलं मी. पेढे वाटायला आलीस?"

"महेशभाऊ म्हणतात, तुझी तक्रारीची मुदत अजून गेलेली नाही. पण फार दिवस उरले नाहीत. तुझाही राजीनामा कोऱ्या कागदावरचा आहे. आता माझ्या प्रकरणाचे कागद आहेत, ते तुला उपयोगी पडतील."

योगिताने हातातली सुई थांबवली. "तुझ्या मनात काहीतरी खुपतंय म्हणून तू आलीस. माझ्यासाठी नाही."

"असेल तसंही."

"माझ्या नवऱ्याचं काम जाईल."

"जाऊ शकतं. मी खोटं सांगणार नाही."

"मी केस केली तर तू साक्षीला उभी राहशील? मिलमध्ये कामाला असताना? टेबल कसं घेतलंस, तेही सांगशील सगळ्यांसमोर?"

जयश्रीला भावेशभाई आठवले, लखन आठवला. रजेनंतर पुन्हा त्याच गरम हवेत दिवस काढायचे तर आणखी वैर कशाला, असंही मनात आलं.

"सांगीन," ती म्हणाली.

"बघू," असं म्हणून योगिताने सुईत दोरा ओवला. पण आठ दिवसांनी ती महेशकडे गेली.

योगिताचं लेबर ऑफिसात मिटलं नाही. मिलने या वेळी मोठा वकील दिला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिच्या नवऱ्याचं काम महिन्याभरात सुटलं; तो आता कडोदऱ्याला दुसऱ्या मालकाच्या शेडवर कामाला जातो आणि योगिता, जयश्री दोघींना शिव्या देतो. साक्षीचं कळल्यावर लखनही जयश्रीशी पंधरा दिवस बोलला नव्हता, मुलगी झाल्यावर बोलायला लागला. रजा संपवून जयश्री कामावर परत गेली आहे, मुलीला शोभाबाई सांभाळते. आतापर्यंत कोर्टात चार तारखा झाल्या. दर तारखेला योगिता आणि जयश्री एकाच रिक्षाने जातात, पण मैत्रिणी झालेल्या नाहीत. मागच्या वेळी जयश्रीचा जबाब झाला. योगिताचं टेबल आपण कसं घेतलं, हे तिने भावेशभाईंसमोर सांगितलं. मोठ्या वकिलाने तिला खोटारडी ठरवायला पाऊण तास घेतला. उलटतपासणी अजून संपलेली नाही. तारीख आली की ती आधी सुट्टीचा अर्ज देते, भावेशभाई तो नामंजूर करतात, आणि ती जाते.