भुयाऱ्याचा आवाज

वाचनालयात दर शनिवारी दुपारी मी मुलांना गोष्ट वाचून दाखवतो. त्या दिवसांत भुयाऱ्यांची गोष्ट चालू होती. भुयारी म्हणजे जमिनीखाली राहणारे, अंगाला वास येणारे, मुलं पळवणारे. शेवटी राजपुत्र त्यांना अंधारात कोंडतो. भुयाऱ्याचा आवाज मी मोठ्या हौसेनं काढायचो, नाकातून, शेवटचं अक्षर ओढत. "उजेड नकोऽऽ!" मुलं हसून लोळायची.

त्या दिवशी गोष्ट संपून अर्धा तास झाला असेल. सफाईवाल्या ताई हात पुसत आल्या. माझ्याशी त्या नेहमी दबक्या आवाजात, मोजकंच बोलत.

"गुरुजी, बटण दिसली का?"

बटण त्यांची मुलगी. फ्रॉकच्या बटणाशी सतत चाळा करते, म्हणून हे नाव. तिला दमा आहे.

"पंप माझ्याकडंच राहिला," ताई म्हणाल्या.

मी अंगणात धावलो. मुलं काठ्यांच्या तलवारी करून खेळत होती.

"ती भुयारी झालीय," चष्मिस म्हणाला. "रोज तीच होते. तिला मस्त जमतं."

"आहे कुठे ती?"

"कोंडलीय. गोष्टीत कोंडतात ना, आजोबा?" माझा चेहरा पाहून तो चाचरला. "तळघरात."

कधी? ते कुणालाच सांगता येईना.

माझे गुडघे जिना उतरताना रडतात. त्या दिवशी ते मला जाणवलेही नाहीत. ताई माझ्या मागोमाग उतरल्या. बाहेरून घातलेली कडी काढली. आत मिट्ट काळोख, छतापर्यंत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. धुळीनं मलाच ठसका लागला. मग त्या पोरीचं काय?

"बटण! बाळा, मी आजोबा!"

काही नाही. पुन्हा हाक मारली. काहीच नाही.

तेव्हा शेजारी ताईंनी टाहो फोडला. "कुठं गं तूऽऽ! बोल की गंऽऽ!"

नाकातून. शेवटचं अक्षर ओढत.

मागून आलेल्या मुलांपैकी जिन्यावर कुणीतरी फिस्कन हसलं. "भुयारी!"

वाचनालयामागच्या, ताईंची माणसं राहतात त्या खोल्यांतून हा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. पुस्तकात भुयाऱ्याला कसलाच आवाज दिलेला नव्हता. तो मी दिला होता.

गठ्ठ्यांमागून बारीक शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. ताई तिकडे झेपावल्या. बटण दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून बसली होती. ओठ निळसर झाले होते. ताईंनी हात सोडवून पंप तोंडाला लावला. एकदा. पुन्हा एकदा. मी श्वास मोजत उभा होतो. हळूहळू छातीची घरघर कमी झाली.

"अगं, हाक मारली मी. ओ का नाही दिलीस?" मी जवळ वाकलो.

ती मागे सरकली आणि आईच्या गळ्यात तोंड खुपसून कुजबुजली. तळघर इतकं शांत होतं की मला सगळं ऐकू आलं.

"हळू बोल ना, आई. आजोबा ऐकतील."