रंगुबाईंना दाखवलेला डोंगर

मित्रांनो, माझ्या टपावर हल्ली कोंबड्या बसतात, तरी मी जीपच आहे. नेवाशाच्या भिमाजींनी मला घेतलं, तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. शिर्डीच्या एसटी स्टँडवर माणसं भरायची आणि पावसाळ्यात त्यांना भंडारदऱ्याला न्यायचं, हे आमचं वीस वर्षांचं काम. एकदा कॉलेजचे एक सर सांगत होते, की हे डोंगर म्हणजे जमिनीतून उसळून थिजलेला लाव्हा आहे. भिमाजींनी ते पाठ केलं आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचंच ज्ञान म्हणून ऐकवलं.

घरी त्यांची बायको रंगुबाई विचारायच्या, मला कधी नेता? नेवाशात नजर जाईल तिथवर ऊस. डोंगर असा त्यांनी पाहिलाच नव्हता. भिमाजी म्हणायचे, सीझन संपू दे. पुढे दिसायला कमी येतंय असं त्या सांगू लागल्या, तेव्हाही सीझनच चालू होता.

मागच्या श्रावणात संगमनेरचे डॉक्टर म्हणाले, एक डोळा गेलाय, दुसराही फार दिवस टिकणार नाही. भिमाजींनी रंगुबाईंना माझ्यात पुढच्या सीटवर बसवलं. मग घरचा रस्ता सोडून त्यांनी मला अकोले-भंडारदऱ्याच्या रस्त्याला घातलं. डबा नाही, छत्री नाही, घरी निरोप नाही.

संगमनेरला ऊन होतं, अकोल्यात भुरभुर, राजूरला पाऊस नुसता कोसळत होता. माझा वायपर दोन वर्षं बंद. भिमाजींनी उतरून काचेवर तंबाखू चोळली, म्हणजे पाणी ठरत नाही, आणि डोकं बाहेर काढून गाडी हाकली. मला माझीच लाज वाटली.

धरणाच्या पुढे पाऊस एकाएकी थांबला. ढग वर सरकले आणि समोर काळेभोर कडे लख्ख उभे राहिले. भिमाजींनी रंगुबाईंना हाताला धरून उतरवलं. रंगुबाईंना लांबचं किती दिसतं, हे भिमाजींनी कधी विचारलंच नव्हतं.

रंगुबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अवो, समदं पांढरंच दिसतंय. धुकं हाय, का माझे डोळं?"

"धुकं हाय," भिमाजी म्हणाले. "लई धुकं हाय आज. परत येऊ."

ऊन रंगुबाईंच्याही तोंडावर पडलं होतं, चांगलं चटका देणारं.

"व्हय, येऊ की," त्या म्हणाल्या आणि चाचपडत माझं दार शोधू लागल्या.

त्यानंतर भिमाजींनी मला बाहेर काढलं नाही. मित्रांनो, मला धुऊ नका, पुसू नका, माझं काही म्हणणं नाही. पण घरातलं कुणी म्हणालं, मला दिसायला कमी येतंय, तर गाडी त्याच दिवशी काढा.