गालावरचा हात

खोडरबर सरांना खरं नाव होतं, पण ते कॉलेजच्या कचेरीबाहेर कुणाला लागत नसे. चित्रकलेच्या कॉलेजात दर वर्षी पहिल्याच तासाला ते सगळ्यांचे खोडरबर पत्र्याच्या डब्यात गोळा करत आणि वर्ष संपेपर्यंत परत देत नसत, म्हणून हे नाव. "चुकलं तर चुकलेलं दिसू दे," ते म्हणत. "त्याच्या शेजारी बरोबर रेघ काढ. पण समोर जे आहे ते पुसायचा अधिकार तुला कुणी दिला?" मुलं त्यांच्या पाठीमागे खुसुखुसु हसत. ठकी हसत नसे. तिला ते मनापासून पटलं होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याला तिच्याकडे काही सबबच उरली नाही.

ठकी हे घरचं नाव, मावशीने ठेवलेलं. आई गेली तेव्हा ठकी नुकती दुडुदुडु चालायला लागली होती. तेव्हापासून मावशीनेच तिचं सगळं केलं. मावशी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर कामाला होती. एकदा त्या यंत्रातून भसकन वाफ सुटली आणि मावशीचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. डाग राहिला तो राहिलाच, तकतकीत आणि ओढल्यासारखा. मावशीने त्याचं कधी दुःख केलं नाही. बसमध्ये कुणी टक लावून बघायला लागलं की ती आपणहून म्हणायची, "एका गालाला इस्त्री झालीये, बाकीचं तोंड अजून चुरगळलेलंच आहे!" समोरचा खजील व्हायचा, मावशी खो खो हसायची, आणि ठकीला लाज वाटायची. लहान होती तोवर हो. मोठेपणी तिला त्याचा अभिमान वाटायचा, असं ती सगळ्यांना सांगायची.

शेवटच्या वर्षाला खोडरबर सरांनी काम दिलं ते असं: एकच माणूस निवडायचा, वर्षभर त्याला समोर बसवून काढायचा, आणि वर्षअखेरीला ती चित्रं प्रदर्शनात भिंतीवर लावायची. निकाल त्याच्यावरच. ठकीने मावशी निवडली. दुसरं होतंच कोण? रोज संध्याकाळी मावशी टेबलाशी बसून बटाटे सोलायची, मोजे रफू करायची, रेडिओवरच्या निवेदिकेशी तोंडाला तोंड देऊन भांडायची, आणि ठकी समोर बसून शाईने काढत राहायची. तो डाग काढणं महाकठीण. शाई जास्त झाली की जखम वाटे, कमी झाली की सावली. मावशी चित्रात डोकावून म्हणे, "इथे अजून थोडी तकाकी दे गं. मेहनतीची आहे ती."

आता कॉलेज शिकायचं तर नुसत्या शाबासकीवर भागत नाही. रविवारी ठकी चौकातल्या बाजारात दोन घडीची स्टुलं मांडून लोकांची चित्रं काढायची. सुरुवातीला बिचारी दिसेल तसं काढी आणि गिऱ्हाइकांचे चेहरे पडत. एक बाई तर चित्र हातात घेऊन फणकाऱ्याने म्हणाली, "ही माझी सासू आहे. मी कुठाय?" मग ठकी शहाणी झाली. आधी ती विचारायची, "हा तीळ ठेवू का?" पुढे विचारणंही बंद झालं. दुसरी हनुवटी गुल, सुरकुत्या गुल, नाक जरा बेताचं, डोळ्यांत चमक. डाग, व्रण, मस असलं काही आलं की तिची पेन्सिल त्याला वळसा घालून पुढे जायची, ठकीला पत्ताही लागायचा नाही. कॉलेजात एक हात आणि बाजारात दुसरा, असं तिला वाटायचं. पण हात एकच होता की! तो कशाला वार बघतो?

मावशीही रविवारी बाजारात यायची. शेजारच्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची. असाच एक रविवार अगदीच थंड चालला होता. माश्या मारून कंटाळल्यावर मावशी म्हणाली, "ठके, मलाच काढ. रिकाम्या दुकानात कोण शिरतंय? कुणीतरी बसलेलं दिसलं की माणसं थांबतात."

आणि थांबलीच माणसं. ठकीचा हात त्या दिवशी नुसता धावत होता. कोंडाळं जमलं, पोरंटोरं पुढे घुसली, मागून कुणीतरी म्हणालं, "काय हात आहे पोरीचा!" ठकीला असं चढलं म्हणता. शेवटची रेघ ओढून तिने कागद ऐटीत मावशीकडे फिरवला.

लोकांनी वा वा केलं. मावशीने चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिचा डावा हात वर आला आणि अलगद गालावर जाऊन बसला.

"छान आलंय," ती म्हणाली. "कोण आहे ही?"

मावशीची नेहमीची थट्टा समजून ठकी हसली. मग तिने स्वतः चित्राकडे पाहिलं. डावा गाल कोरा होता. कानापासून हनुवटीपर्यंत एक गोंडस, गोलसर रेघ, बस्स. वर्षभर जो गाल काढायला ती रोज धडपडत होती, तो तिने चार माणसांत, हसत हसत, साफ उडवून लावला होता.

"मावशी, अगं, मुद्दाम नाही केलं मी," ती कशीबशी म्हणाली. "सवय लागलीये हाताला."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली. "मुद्दाम केलं असतंस तर भांडले असते तुझ्याशी."

ठकी ते चित्र फाडायला निघाली, पण मावशीने फाडू दिलं नाही. स्वतःच्या हाताने ते नमुना म्हणून पाटीशेजारी चिमट्याने अडकवलं. झालं! पुढच्या रविवारपासून रांगा. सगळ्यांना तसंच चित्र हवं. कुणी विचारलं, "ह्या कोण हो?" तर मावशी शांतपणे सांगायची, "हिची आई. गेली बिचारी." ठकी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसायची. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता, त्यामुळे मावशी खोटं बोलतेय की दोघी बहिणी खरंच इतक्या सारख्या होत्या, हेही तिला कळेना.

घरी मावशी आधीसारखीच टेबलाशी बसायची. फक्त ठकीने वही उघडली की मावशीचा हात गालावर जायचा. बटाटे सोलायला दोन हात लागतात, तेव्हा बटाटे थांबले. रेडिओशी भांडणही थांबलं. एक कोपर टेबलावर, तळवा गालावर, नजर खिडकीकडे.

"मावशी, हात काढ ना गं."

"सवय लागलीये हाताला," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर किती बरं झालं असतं!

ठकीने माफी मागितली, दोनदा रडली. मावशीने तिच्यापुढे चहा ठेवला आणि "एवढं काय त्यात, वेडी कुठली," म्हणून पाठीवरून हात फिरवला, दुसरा हात. प्रदर्शन जवळ येत चाललं होतं. समोर असेल ते काढायचं, हा सरांचा नियम. समोर हात होता. ठकीने हात काढला. रोज काढला, फुगलेल्या शिरा, नखांपाशी फाटलेली कातडी, बोटांच्या फटीतून जेमतेम दिसणारी तकाकी. चित्रं फार चांगली उतरत होती. तिला ते दिसत होतं, आणि त्याची तिला किळस येत होती, आणि तरी ती काढत होती.

सरांनी सगळी चित्रं पाहिली. हाताच्या चित्रांपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधीची चांगली आहेत," ते म्हणाले, "पण ह्यांच्यात ही बाई मला पहिल्यांदा भेटली. वर्षभर बेधडक दाखवत होती, आणि मग एक दिवस तिने तुझ्यापुढे लपवलं. एवढा विश्वास! किती वाट बघितली असशील तू ह्याच्यासाठी."

खरं सांगायची वेळ हीच होती. लपवायला मी लावलं सर, मी पुसलं म्हणून तिने झाकलं, एवढं एक वाक्य.

"हो सर," ती म्हणाली. प्रदर्शनात तिला दारासमोरची अख्खी भिंत मिळाली.

प्रदर्शनाच्या दिवशी मावशीने लाँड्रीतून अर्धी सुट्टी घेतली. ठकी दारातच उभी होती. एक बाई नीट इस्त्रीचा कोट घालून समोर आली, आणि क्षणभर, खरंच क्षणभर, ठकीने तिला ओळखलं नाही. लाँड्रीतल्या पोरींनी मावशीच्या तोंडाला रंगाचा जाड थर दिला होता. डावा गाल उजव्यासारखा, दोन्ही भिंतीसारखे.

"तुझ्या मोठ्या लोकांपुढे तुझी फजिती नको," मावशी हळूच म्हणाली. "रविवारच्या चित्रासारखी दिसते की नाही?"

"मावशी, हे कशाला गं..." ठकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत खोडरबर सर पाहुण्यांना घेऊन आलेच.

"हीच ती मुलगी!" त्यांनी भिंतीकडे हात केला. "आणि मावशी कुठायत? मला त्यांना भेटायचंय. आल्या नाहीत?"

मावशी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. चित्रांत तिचा वर्षभराचा चेहरा पाहिलेल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुढे नेली. मावशीने एकदा ठकीकडे बघितलं. ठकीचे ओठ हलले. बोलली असती तर सरांनी तो रंग पाहिला असता, रंगाखालचं पाहिलं असतं, आणि मग भिंतीवरचा हात तिथे कसा आला हे त्यांना कुणी सांगावं लागलं नसतं.

"नाही आली ती," मावशी म्हणाली. "लाजते जरा. मी शेजारीण त्यांची."

"असं होय?" सरांनी ठकीला विचारलं.

"हो सर," ठकी म्हणाली.

मावशीने मान हलवली. परक्याच्या मुलीला थोपटतात तसं तिच्या खांद्यावर थोपटलं. "गुणाची आहे हो पोर," ती सरांना म्हणाली. मग एकेका चित्रासमोर थांबत तिने भिंत पाहिली, बटाट्यांची, मोज्यांची, हाताची, आणि कुणाला काही न सांगता दाराकडे निघाली. पाहुण्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. जाताना तिचा हात गालावर नव्हता. आता गरज नव्हती.