जावयाची रुंद चाकं

आमच्यात जावय रुसतो तो आंगठीसाठी, फार तर घड्याळासाठी. माज्या भाचीचा, शकूचा नवरा सहदेव रुसला तो गाडीच्या चाकांसाठी. लगीन लागलं, पंगत बसली, आनि मेला पानाला हातच लावंना. घाटावरचा, खंडाळ्याच्या बाजूचा. दारात फियाट उभी, ती पन हौसेनं खाली बसवलेली. पुडच्या स्प्रिंगा कापलेल्या, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यातलं एक पान काडून टाकलेलं. खालनं मांजर जायाची पंचाईत! आता तिला मोठी, रुंद चाकं पायजेत म्हने.

माजा भाऊ गजा, शकूचा बाप, लगेच उठला. पोर एकुलती एक, आय लहानपनीच गेली. मी विधवा भैन, भावाकडंच ऱ्हाते. शकूला मीच न्हाऊमाखू घालून वाडवली. जावय उपाशी उठला तर पोरीला जलमभर टोमने खावे लागतील, हे मला पन कळत व्हतं.

टायरवाल्या कान्हाचं दुकान आमच्या कुंभिवलीतच, हायवेला. सहदेवनं तीन तऱ्हेची चाकं मांडून घेतली, एकेकाला लाथ घालून बघितली आनि सगळ्यात मोठं धरलं. कान्हानं ते मागच्या बाजूला चढवलं, चाकावरच्या मडगाराखाली बोटं घातली.

"दोन बोटं जागा हाय," कान्हा म्हनला. "पन गाडी भरली का पाटा दबून मडगार टायरावर बसनार. चार मानसं बसवून बघू काय?"

सहदेवनं तोंड वाकडं केलं. गजानं कान्हाला डोळ्यानं दटावलं. कान्हा गावातलाच, गावच्या जावयाला नाय म्हनायचं कुनी? गप दुसरं चाक घेतलं त्यानं.

"अरं, बसवून बघा की!" मी म्हनलं. "गाडीत नवरी जानार हाय, पाटीतली कोंबडी नाय!"

"सोनुताय, तोंड आवर," गजा दात खाऊन म्हनला. "पुन्ना रुसला म्हंजे?"

पाठराखीन म्हनून मीच गेले. सहदेव गाडी हाकतोय, बाजूला शकू, मागं मी, मांडीशी तांब्याचा हंडा, पायाशी लाडवांचे डबे आनि मागच्या डिकीत तांदळाचं पोतं. खोपोलीपतूर सरळ रस्ता, काय आवाज नाय. घाटाचं पयलं वळन आलं आनि माज्या बुडाखाली खर्रर्र झालं. मागनं रबर जळल्याचा वास.

"थांबव रं गाडी! थांबव म्हनते ना!"

उतरून बघते तर मडगाराच्या पत्र्यानं टायर सुरीनं सोलावा तसा सोललेला.

"नवीन आहे," सहदेव म्हनला. "घासून घासून आपली जागा करील. बसा."

"तू बस! माजी पोर नाय बसनार!"

वरातीतली नवरी रस्त्यात उतरवायची म्हंजे आमच्यात केवडा अपशकुन! तरी उतरवली. हंडा, डबे, पोतं, सगळं खाली घेतलं. शकू रडत व्हती, रस्त्यानं जानारे बघत व्हते. सहदेवनं दार आपटलं आनि एकटाच घाट चढून गेला. आमी दोघी टेंपोनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. गाडी धडधाकट, ना आवाज, ना वास. "बघा आत्याबाई," सगळ्यांसमोर हसून म्हनला, "गेलो, आलो."

मग काय विचारता! सगळा मांडव माज्यावर तुटून पडला. अवदसा म्हनले, पांढऱ्या पायाची म्हनले. गजानं टोपी काडून जावयाच्या पायावर ठेवली.

"अरं मुडद्यांनो, रिकामी गेली म्हनून गेली! एकटा गडी व्हता तो! गाडी हलकी मीच केली ना?"

कोन ऐकतंय? लाजेपायी गजानं एका पोत्याची दोन पोती भरली. वर पाटा-वरवंटा ठेवला. माज्या जागी पाठराखीन म्हनून शेजारची भागी बसली; चांगली अंगापिंडानं भरलेली. मी पोतं उतरवायला हात घातला तर, नवरीच्या गाडीत ठेवलेलं परत काडायचं नाय म्हनून बायकांनी माजे हात धरले. गाडी मागनं आशी बसली का दोन बोटं काय, सुतळी गेली नसती.

मी शकूच्या दाराशी गेले. "बाय माजी, उतर. लोक काय म्हनतील ते मला म्हनू दे."

शकूनं माज्याकडं बघितलं नाय. "आत्या," ती म्हनली, "काल तुज्यापायी माजी शोभा झाली. आज तू गप ऱ्हा."

तिचं पन काय चुकलं? तिला त्याच घरात नांदायचं व्हतं. गाडी हायवेला वळली आनि खर्रर्र आवाज मी दारातनं ऐकला.

मग मला घरात बसवंना. कान्हाच्या दुकानापाशी जाऊन उभी ऱ्हायले. घाटातनं उतरलेले ट्रक तिथं हवा भरायला थांबतात.

"वर पांढरी फियाट दिसली काय रं?" एकाला इचारलं.

"चढत व्हती, मावशी," तो म्हनला. जरा जीव भांड्यात पडला.

दुसरा म्हनला, आपन नाय बघितली. मग किती तरी वेळ ट्रकच आला नाय. घाटातनं खाली येनारं कायच नाय, रस्ता मोकळा पडलेला. कान्हा हातातलं काम सोडून माज्या शेजारी येऊन उभा ऱ्हायला.

दुपार कलल्यावर एक ट्रक आला. डायवरला मी तेच इचारलं. त्यानं माज्याकडं बघितलं, इंजिन बंद केलं आनि खाली उतरला.

"मावशी," तो म्हनला, "घरात बापय मानूस कोन हाय? त्याला बोलवा."

गजा मांडवाचे बांबू सोडत व्हता. मी त्याच्या हातातला बांबू काडून घेतला आनि म्हनलं, "चल, कान्हाच्या दुकानात ट्रकवाला तुला बोलावतोय."